बळीचे राज्य : ‘जाण्याच्या’ नव्हे, ‘येण्याच्या’ स्वर्गाची शब्दकथा

१/
दिवाळीचा पाडवा असो वा भाऊबीज, महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत ओवाळणाऱ्या स्त्रीच्या तोंडी एकच वाक्य असते : ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो.’ हे वाक्य इतके अंगवळणी पडलेले आहे की त्यातली विलक्षण गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ज्या बळीचे राज्य मागितले जाते, तो पुराणांच्या हिशेबात असुर आहे. विष्णूने त्याला पाताळात धाडले आहे. सणाच्या दिवशी, विष्णूला पूजणाऱ्या घरांतच, त्याने हरवलेल्या राजाचे राज्य परत यावे अशी इच्छा उच्चारली जाते. ही इच्छा आली कुठून, आणि ‘बळीचे राज्य’ या दोन शब्दांचा नेमका अर्थ काय?

२/
प्रत्येक समाजाकडे एका आदर्श, काल्पनिक भूमीचे नाव असते. इंग्लंडच्या थॉमस मोरने १५१६ साली आपल्या पुस्तकातल्या बेटाला ‘युटोपिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या ‘टोपोस’, म्हणजे स्थान, या शब्दापासून त्याने ते घडवले : कुठेच नसलेले स्थान. उच्चाराच्या खेळात त्याच शब्दातून ‘चांगले स्थान’ असाही अर्थ डोकावतो. उत्तरेत संत रविदासांनी दुःख आणि कर नसलेल्या नगराला ‘बेगमपुरा’ म्हटले. वारकऱ्यांचे वैकुंठ आहे, राज्यकर्त्यांच्या भाषणांतले रामराज्य आहे. मराठी शेतकरी घरांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपलेले नाव आहे ते बळीच्या राज्याचे.

३/
आधी एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. रामायणातला वाली, म्हणजे सुग्रीवाचा भाऊ, आणि हा बळी या दोन वेगळ्या व्यक्तिरेखा आहेत. हा बळी प्रल्हादाचा नातू आणि विरोचनाचा पुत्र. संस्कृतात त्याचे नाव ‘बलि’. मराठीत ‘ल’चा ‘ळ’ झाला आणि एकाच ध्वनिरूपात तीन अर्थ येऊन बसले. बळी म्हणजे बलवान, हा पहिला अर्थ. त्याचे मूळ ‘बल’ शब्दात. बळी म्हणजे देवापुढे अर्पण केलेली वस्तू किंवा जीव, हा दुसरा. आणि बळी म्हणजे तो राजा, हा तिसरा. पुढे याच तिसऱ्या अर्थातून ‘बळीराजा’ हे शेतकऱ्याचे नाव झाले.

४/
यांपैकी दुसऱ्या अर्थाला आणखी एक जुनी बाजू आहे. वैदिक भाषेत ‘बलि’ म्हणजे देवाला अर्पण, तसेच राजाला दिलेली भेट किंवा खंडणी. ऋग्वेदात ‘बलिहृत्’ हा शब्द खंडणी आणून देणाऱ्या प्रजेसाठी येतो. कालांतराने ‘बलि’ हा कराचाच एक प्रकार ठरला. इ.स.पूर्व २४९ च्या सुमारास सम्राट अशोक लुंबिनीला गेला, तेव्हा बुद्धाच्या जन्मगावाला त्याने ‘बलि’ माफ केला आणि धान्याचा वाटा एक-अष्टमांशावर आणला. तिथल्या स्तंभावर ही नोंद आजही वाचता येते. बळीराजाचे नाव या करावरूनच पडले असे सिद्ध करता येत नाही. पण शेतात पिकवणारा माणूस आणि त्याच्याकडून घेतला जाणारा वाटा यांच्यातला ताण या शब्दाच्या आसपास दोन हजारांहून अधिक वर्षे वावरत आहे, एवढे खरे.

५/
कथेचे वय किती? ऋग्वेदात विष्णू तीन पावलांत विश्व व्यापतो. तिथे बळी नाही. शतपथ ब्राह्मणात देव आणि असुर पृथ्वीच्या वाटणीवरून भांडतात आणि विष्णू वामनरूपात येतो. तिथेही बळीचे नाव नाही. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातल्या पतंजलीच्या महाभाष्यात मात्र व्याकरणाचे उदाहरण म्हणून ‘बळीला बांधणे’ येते. कंसाला मारणे आणि बळीला बांधणे या कथा लोकांपुढे सांगून, दाखवून सादर केल्या जात असत, असे त्या चर्चेवरून दिसते. म्हणजे त्या काळापर्यंत तीन पावले आणि बळी यांची गाठ पक्की पडली होती, आणि कथा व्याकरणाच्या उदाहरणात यावी इतकी परिचित झाली होती.

६/
पुराणांतली कथा सर्वांना ठाऊक आहे. बळीने त्रैलोक्य जिंकले. देव हतबल झाले. वामन बटूच्या रूपात त्याच्या यज्ञात आला आणि तीन पावले जमीन मागितली. गुरू शुक्राचार्यांनी सावध केले, तरी बळीने शब्द मागे घेतला नाही. दोन पावलांत पृथ्वी आणि आकाश संपले. तिसरे पाऊल ठेवायला बळीने आपले मस्तक पुढे केले. कथेचा निकाल बळीच्या विरुद्ध जातो, पण बळीवर कोणताही दोष सिद्ध होत नाही. त्याचे राज्य जाते ते जुलमामुळे नव्हे. तो असुर आहे आणि त्याने दिलेला शब्द पाळला, म्हणून. सांगणाऱ्यांनाही ही अडचण जाणवली असावी, हे कथेच्या पुढच्या भागावरून दिसते.

७/
भागवत पुराणाच्या आठव्या स्कंधात बळीला मिळालेले पाताळ ही अंधारकोठडी नाही. त्याला ‘सुतल’ हा लोक मिळतो. तिथे मनाचा त्रास, शरीराचा रोग, थकवा, पराभव यांपैकी काहीही नाही. इंद्राच्या स्वर्गालाही हेवा वाटावा असे ते ठिकाण आहे आणि बळीच्या दारावर खुद्द विष्णू राखण करतो. शिवाय पुढच्या एका मन्वंतरात बळी स्वतः इंद्र होईल, असे आश्वासनही त्याला मिळते. हरलेल्या राजाला स्वर्गाहून चांगला लोक आणि भविष्यातले राज्य, दोन्ही देऊन कथा आपला हिशेब मिटवते. ‘बळीचे राज्य पुन्हा येईल’ ही कल्पना म्हणजे केवळ लोकांचे बंड नव्हे. तिचे बीज खुद्द पुराणातच आहे.

८/
महाभारताच्या शांतिपर्वात याहून वेगळे चित्र दिसते. राज्य गमावलेला बळी एका ओसाड घरात गाढवाच्या रूपात राहतो आहे. इंद्र त्याला शोधत येतो आणि हिणवतो : तुझे छत्र कुठे गेले, तुझे वैभव कुठे गेले? बळी शांतपणे उत्तर देतो की वैभव कुणा एकाजवळ टिकत नाही. आज ते इंद्राकडे आहे, उद्या तिथूनही जाईल. सत्ता ही काळाची उसनवारी आहे, हे सांगण्याचा मान इथे देवांच्या राजाला मिळालेला नाही. तो पदच्युत असुराला मिळाला आहे.

९/
आता या शब्दाचा एक महत्त्वाचा साक्षीदार. गझनीच्या दरबारातला विद्वान अल्-बिरुनी याने इ.स. १०३० च्या सुमारास भारताविषयी मोठा ग्रंथ लिहिला. त्यात सणांची माहिती देताना तो दिवाळीविषयी सांगतो, की विरोचनाचा पुत्र बळी भूमीच्या सातव्या थरात बंदिवान आहे. वर्षातून एकदा, या दिवशी, लक्ष्मी त्याला मोकळे करून जगात येऊ देते. म्हणून या सणाला ‘बलिराज्य’ म्हणतात. कृतयुगातला तो काळ सुखाचा होता आणि हा दिवस त्या काळासारखा आहे, म्हणून लोक आनंद करतात, असेही तो नोंदवतो. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीची ही नोंद आहे. शब्द तोच, सण तोच, आणि बळीला सोडवणारी एक स्त्रीदेवता.

१०/
धर्मग्रंथांनीही या दिवसाला जागा दिली. कार्तिक शुद्ध प्रतिपदा ही ‘बलिप्रतिपदा’. भविष्योत्तर पुराणात या दिवशी रंगांनी बळीची आकृती काढून, शेजारी त्याची पत्नी विंध्यावली दाखवून पूजा करण्याचा विधी आहे. सामान्य माणसाने घरात पांढऱ्या तांदळांचा बळी मांडावा, असेही सांगितले आहे. महाराष्ट्रात हा दिवस साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा मुहूर्त मानला जातो. व्यापारी नवी वही घालतात, गोठ्यातली जनावरे सजतात, काही भागांत अंगणात शेणाच्या आकृती मांडल्या जातात. वर्षातला एक दिवस बळीचा, हा करार शास्त्र आणि लोकाचार या दोघांनीही मान्य केला.

११/
आता त्या वाक्याकडे पुन्हा पाहावे. ‘पिडा’ म्हणजे संस्कृत ‘पीडा’, त्रास. ‘इडा’ हा बहुधा तिचा नादाने जुळलेला जोडीदार. ‘अघळपघळ’, ‘आडवातिडवा’ यांसारखी जोडी. महत्त्वाची आहेत ती दोन क्रियापदे : ‘टळो’ आणि ‘येवो’. मराठीत माणूस स्वर्गात जातो, वैकुंठाला जातो. ही सारी स्थळे आहेत. तिथे पोहोचण्यासाठी इथून निघावे लागते, आणि बहुधा मरावे लागते. बळीच्या राज्यात कुणी जात नाही. ते येते. कारण इथे ‘राज्य’ म्हणजे प्रदेश नव्हे, राजवट. म्हणजेच एक काळ. मोरच्या शब्दाच्या पोटात स्थान आहे, मराठी शब्दाच्या पोटात काळ आहे. अल्-बिरुनीने ऐकलेला ‘बलिराज्य’ हाही एक दिवसच होता.

१२/
या फरकाचा परिणाम मोठा आहे. जे राज्य दाराशी येणार, त्याची परीक्षाही दाराशीच होते. त्यासाठी कल्पवृक्ष लागत नाहीत, अमृत लागत नाही. घरावरची पीडा टळली की नाही, एवढाच प्रश्न उरतो. केरळमधला ओणम हीच गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगतो. तिथेही महाबली वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला येतो. त्याच्या राज्याचे लोकगीतांतले वर्णन रत्नजडित महालांचे नाही : माणसे समान होती, फसवणूक नव्हती, खोटी मापे नव्हती. ज्याचे धान्य दुसऱ्याच्या मापाने मोजले जाते, त्यालाच खऱ्या मापाचा स्वर्ग सुचतो.

१३/
हाच प्रश्न आणखी स्पष्ट होतो तो वऱ्हाडाच्या दक्षिण कडेला, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला. बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्यातले खारे सरोवर जगप्रसिद्ध आहे. विज्ञानाच्या आधी लोकांनी या खळग्याची जी कथा सांगितली, तिची रचना बळीच्या कथेची जुळी बहीण शोभावी अशी आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून राहत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून त्याचे ठिकाण काढून घेतले, पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवले आणि त्याला ठार केले. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर याच विष्णूचे.

१४/
दोन्ही कथांत असुर आहे, वेषांतर केलेला विष्णू आहे, देवाचा पाय आहे आणि जमिनीच्या खालचे जग आहे. तरी लवणासुराचे राज्य यावे असे कुणी म्हणत नाही. कारण उघड आहे : लवणासुर लोकांना छळणारा म्हणून आठवला जातो, तर बळी देणारा म्हणून. म्हणजे लोकस्मृती सगळ्या असुरांना सरसकट आपले मानत नाही, आणि सगळ्या देवांना परकेही मानत नाही. दैत्यसूदनाला नमस्कार करणाऱ्या त्याच परिसरातल्या घरांत पाडव्याला बळीचे राज्य मागितले जाते. या दोन्हींत लोकांना विसंगती वाटली नाही. निवड जातकुळीवरून झालेली नाही. राजवटीवरून झालेली आहे.

१५/
एकोणिसाव्या शतकात हा शब्द सणाच्या अंगणातून सार्वजनिक वादात आला. त्याची पार्श्वभूमी समजण्यासाठी बुलढाण्याचा काळही पाहावा लागतो. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस बंद पडला आणि वऱ्हाडी कापसाला अचानक भाव आला. मलकापूर, शेगाव रेल्वेच्या नकाशावर आले. खामगावची कापूसपेठ इतकी मोठी झाली की १८७० साली जलंब ते खामगाव असा स्वतंत्र फाटा सुरू झाला. युद्ध संपल्यावर भाव उतरले, पण सारा, कर्ज आणि दूरच्या बाजारावरचे अवलंबन मागे राहिले. पीडेचा पत्ता बदलला : ती आता आकाशातूनच नव्हे, बाजारातून आणि कचेरीतूनही येऊ लागली.

१६/
याच काळात, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. फुल्यांनी दशावतारांची कथा उलटी वाचली. त्यांच्या मांडणीत बळी हा इथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा, आणि वामन हा बाहेरून आलेल्या आक्रमकांचा पुढारी. खंडोबा, म्हसोबा, जोतिबा या गावोगावच्या दैवतांना त्यांनी बळीचे अधिकारी ठरवले : म्हसोबा म्हणजे ‘महासुभा’, खंडोबा म्हणजे नऊ खंडांचा कारभारी. ज्या देवांना शेंदूर लागत होता, त्यांना फुल्यांनी एका गमावलेल्या राज्याचे प्रशासन बहाल केले.

१७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. फुल्यांच्या या व्युत्पत्ती भाषाशास्त्र स्वीकारत नाही. आणि बळी-वामनाची कथा ही प्रत्यक्ष घडलेल्या लढाईची नोंद म्हणूनही आज वाचली जात नाही. पण फुल्यांचा मूळ प्रश्न त्यामुळे बाद होत नाही. विजेत्यांनी सांगितलेल्या कथेत पराभूताची बाजू कुठे शोधावी? फुल्यांनी उत्तर दिले : बायकांच्या तोंडच्या एका वाक्यात. ‘गुलामगिरी’त त्यांनी दसऱ्याच्या दोन चाली शेजारी-शेजारी मांडल्या आहेत. एका घरात पिठाचा बळी करून तो मोडला जातो. दुसऱ्या घरात स्त्रिया ओवाळून इडा पिडा जावो, बळीचे राज्य येवो असे म्हणतात. ग्रंथाबाहेरच्या या लोकाचाराला पुरावा म्हणून वापरणे, हे त्या काळात धाडसाचे होते.

१८/
पुढे १८८३ साली फुल्यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण झाले. त्यात बळीच्या राज्याची उलट बाजू, म्हणजे पीडेची यादीच सापडते : वाढलेला सारा आणि पट्ट्या, सावकाराचे कागद, न्यायकचेरीतला खर्च, कुलकर्ण्याची लेखणी, जंगलखात्याने बंद केलेली चराई. लोकवाक्यातली ‘पिडा’ मोघम होती. फुल्यांनी तिला खाती आणि हुद्दे दिले. त्यानंतर ‘बळीराजा’ हा शब्द सत्यशोधकी भाषेत शेतकऱ्याचे राजकीय नाव झाला. राज्य परत मागायचे, तर राजा कोण हे सांगणे भाग होते. उत्तर मिळाले : जो जमीन कसतो तो.

१९/
सत्यशोधक विचाराची एक महत्त्वाची वाट बुलढाण्यातून जाते. बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. त्यांची मुलगी ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली. पुढे ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जे शिंतोडे उडाले, त्यांना उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ते छापले गेले. पुस्तकावर टीका झाली तेव्हा १८८५ साली ‘सत्सार’मधून फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली.

२०/
फुल्यांनी अवतारकथांना जो प्रश्न विचारला होता, तोच ताराबाईंनी आपल्या काळातल्या घराला विचारला : नियम कुणी केले आणि ते कुणाला लागू पडतात? पुनर्विवाहाची बंदी स्त्रीलाच का, आणि त्याच कृत्याचा दोष पुरुषाला का लागत नाही? पुराणांतल्या देव-ऋषींच्या वागण्यालाही त्यांनी जाब विचारला. हे पुस्तक पुढे विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. बळीच्या राज्याच्या शब्दकथेत ताराबाईंचे स्थान यामुळे महत्त्वाचे ठरते. हे वाक्य उच्चारते स्त्री. ओवाळला जातो पुरुष. जे राज्य ती मागते, त्यात तिचा स्वतःचा वाटा किती, हा प्रश्न पुस्तकाच्या प्रत्येक पानाला चिकटलेला आहे.

२१/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द पुन्हा मोर्च्यांत आला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कर्जमाफीच्या भाषेहून शेतमालाच्या रास्त भावाची भाषा पुढे आणली. घामाचे दाम हा तिचा मुख्य आग्रह. जोशींच्या एका पुस्तकाचे नावच ‘बळीचे राज्य येणार आहे’ असे आहे. ‘येवो’ या इच्छेचे ‘येणार आहे’ या विधानात झालेले रूपांतर लक्षणीय आहे. याच संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला : शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग पत्नीच्या नावे करून द्यावा. ज्या गावात शंभर किंवा अधिक कुटुंबे असे करतील, ते लक्ष्मीमुक्ती गाव. अल्-बिरुनीने ऐकलेल्या कथेत लक्ष्मी बळीला सोडवते. इथे बळीने लक्ष्मीचे देणे फेडावे अशी अपेक्षा होती. ताराबाईंच्या प्रश्नाला सातबाऱ्यावर दिलेले ते एक अपुरे पण ठोस उत्तर होते.

२२/
आणि मग आले २००६ साल. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. निकष होता शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा हे ते सहा जिल्हे. ज्या जिल्ह्यातल्या खामगावला एकेकाळी कापसासाठी रेल्वे आली, तोच जिल्हा कापूस पिकवणाऱ्यांच्या मरणासाठी सरकारी यादीत आला. त्या वर्षांत वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत एक शब्दखेळ नित्याचा झाला : ‘बळीराजाचा बळी’. तीन अर्थांपैकी दोन अर्थ एकमेकांवर आदळले. अर्पण केला जाणारा बळी आणि ज्याच्या राज्याची वाट पाहायची तो बळी, एकाच माणसात.

२३/
या शब्दखेळाने सहानुभूती मिळवली, यात शंका नाही. पण त्याने एक नुकसानही केले. बळी ‘जातो’ किंवा ‘दिला जातो’, तेव्हा वाक्यात देणारा कोण हे सहसा राहून जाते. फुल्यांनी पीडेला नावे दिली होती. मथळ्याने ती पुन्हा मोघम केली. दुसरीकडे ‘बळीराजा’ हा शब्द आदराचा म्हणून जाहिरातींत, योजनांच्या नावांत आणि निवडणुकीच्या फलकांवर स्थिरावला. राजा उरला, राज्य गळाले. मुकुटाचे चित्र छापायला खर्च येत नाही. खरे माप, वेळेवर कर्ज, पिकाला भाव आणि बाईच्या नावे जमीन यांना येतो.

२४/
शब्दाचा प्रवास थोडक्यात असा : वेदकाळी खंडणी, महाभाष्यात सादर होणारी कथा, भागवतात सुतल नावाचा दुःखरहित लोक, अल्-बिरुनीच्या काळी दिवाळीचे नाव, फुल्यांच्या हाती इतिहासाची उलटतपासणी, शेतकरी चळवळीत भविष्याचे विधान, आणि शेवटी मथळ्यातला शब्दखेळ. या सगळ्या काळात एक गोष्ट टिकली. ज्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, त्यांनी आपला स्वर्ग एका वाक्यात ठेवला. तो गमावलेला होता, म्हणून त्याची मागणी करता येत होती. आणि तो येणारा होता, म्हणून त्यासाठी मरण्याची गरज नव्हती.

२५/
म्हणून या वाक्यातला जोर ‘बळी’वर नाही, ‘राज्य’ आणि ‘येवो’ या शब्दांवर आहे. शेतकऱ्याला राजा म्हणणे हा गौरव आहे; त्याचे राज्य येवो म्हणणे ही मागणी आहे. पहिल्याने मान मिळतो, दुसऱ्याने हिशेब मागता येतो. पाडव्याला निरांजन फिरवताना हे वाक्य पुन्हा उच्चारले जाईल. त्याचा पूर्वार्ध, म्हणजे कोणती पीडा आणि ती कुणाच्या हातून टळायची, हे प्रत्येक पिढीने आपल्या काळातल्या नावांनिशी भरायचे असते. ती जागा लोकांनी रिकामी ठेवली आहे.